रिकाम्या किनाऱ्याचं भाडं

पर्यटनाच्या जाहिरातीतला सर्वांत महाग शब्द कोणता असेल? ‘आलिशान’ हा शब्द आता महामार्गावरच्या लॉजच्या पाटीवरही असतो, त्याचा भाव केव्हाच उतरला. महाग शब्द आहे ‘निर्जन’. जिथे दुसरं माणूस दिसणार नाही अशा जागेसाठी पैसेवाले लोक हवी ती किंमत मोजतात. गंमत अशी की अशा जागेच्या आसपास ज्यांची घरं असतात त्यांना त्याच शब्दापायी बस मिळत नाही, दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही आणि मास्तर रुजू व्हायच्या आधी बदली मागतो.

नामिबियाच्या वायव्य टोकाला स्केलेटन कोस्ट म्हणजे सांगाड्यांचा किनारा आहे. उगाब नदीपासून अंगोलाच्या सीमेवरच्या कुनेने नदीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटर. आपल्याकडे मुंबईहून गोव्याला किनाऱ्याकिनाऱ्याने गेलं तर जितका समुद्र लागेल, जवळपास तितका. एका बाजूला अटलांटिक, दुसऱ्या बाजूला नामीबचं वाळवंट आणि मध्ये वस्ती म्हणावी असं काही नाही. १९७१ पासून हा राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात परवाना काढून आपली गाडी नेता येते. उत्तरेकडच्या अर्ध्यात मात्र तिथे धंदा करण्याची परवानगी असलेल्या मोजक्या सफारी कंपन्यांचा पाहुणा म्हणूनच जावं लागतं, आणि बहुतेक लोक लहान विमानाने उतरतात. अशाच एका लॉजवर आम्ही ऑगस्टमध्ये दोन रात्री राहिलो. नाव देत नाही. तक्रार करावी असं तिथे काही घडलं नाही, आणि जाहिरात करायची माझी इच्छा नाही.

आमच्यासारखी माणसं तिथे पोहोचली कशी, हे कोकणातल्या वाचकांना फारसं समजावून सांगावं लागणार नाही. केप टाऊनमध्ये आपली कोकणी मुसलमान घराणी शंभरहून अधिक वर्षांपासून आहेत. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून बोटीने गेलेली माणसं तिथे राहिली, दुकानं टाकली, मशिदी बांधल्या. म्हाताऱ्यांच्या बोलण्यात अजून कोकणी आहे. माझी आपा लग्न होऊन तिथे गेली त्याला चाळीस वर्षं होत आली. तिचा मुलगा पर्यटनाच्या धंद्यात आहे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांतल्या रहिवाशांना या लॉजवर बरीच सवलत मिळते, त्याने स्वतःची सवलत आणि ओळख दोन्ही वापरून आम्हाला पाठवलं. एरवी हंगामात माणशी एका रात्रीला पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढे रुपये पडतात अशा या जागा. आपाने आकडा ऐकून विचारलं, “एवढ्यात काय काय येतं रे?” भाचा म्हणाला, “काहीच नाही, खाला. तेच तर विकतात.”

उत्तर विनोदी होतं, पण तंतोतंत होतं. वॉल्विस बेहून निघालेल्या त्या डझनभर खुर्च्यांच्या विमानातून खाली बघितलं की एका बाजूला पांढरी फेसाची रेघ आणि दुसऱ्या बाजूला पिवळसर-तांबूस वाळू, इतकंच दिसत राहतं. तासभर. मग एकदम धुकं येतं आणि तेही दिसेनासं होतं.

हे धुकं म्हणजे त्या सगळ्या प्रदेशाचा जीव. अंटार्क्टिकाच्या बाजूने वर येणारा बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह किनाऱ्याला घासून जातो. त्याच्यावरची हवा गार राहते, ती वर उठत नाही, म्हणून पाऊस पडत नाही. किनाऱ्यावर वर्षाला सरासरी २० मिलिमीटरही पाऊस नाही. आपल्याकडे जुलैत अर्ध्या तासात तेवढा पडून जातो. पण तीच गार हवा धुकं तयार करते आणि रात्री ते वाळवंटात कित्येक किलोमीटर आत सरकतं. इथला एक काळा किडा पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर जातो, डोकं खाली आणि पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात, घरंगळत तोंडाशी येतात, तो पितो. गाईडने आम्हाला तो दाखवला तेव्हा आमच्यातला एकही माणूस बोलला नाही. नदी म्हणजे इथे वाळूची रुंद वाट. होआनिब आणि होआरुसिब या नद्या वर्षातले थोडेच दिवस वाहतात, पण त्यांच्या पात्राखाली पाणी असतं आणि हत्ती ते सोंडेने खणून काढतात. त्या पात्रांच्या आधारानेच सिंह, जिराफ, तरस इथवर येतात. काही सिंह तर थेट समुद्रावर येऊन सील मारायला शिकले आहेत.

लॉज म्हणजे वाळूवर खांब रोवून उभ्या केलेल्या थोड्या लाकडी खोल्या. प्रत्येकीत लाकडाची शेगडी, रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी. जेवण चांगलं होतं. आधी कळवलेलं असल्यामुळे आमच्यासाठी मासे आणि भाज्या वेगळ्या केल्या होत्या. न्हाणीघरात एक कार्ड ठेवलेलं होतं, पाणी जपून वापरा. पाणी लांबून गाडीने आणतात असं कळलं. संध्याकाळी नमाजच्या वेळी मला जरा हसूच आलं. पाणी नसेल तर स्वच्छ मातीने तयम्मुम करा, ही सवलत लहानपणी मदरशात शिकलो. कोकणात तिचा उपयोग करायची वेळ आयुष्यात कधी आली नाही. आणि आता जगातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी एका जागी उभा होतो, चहूकडे मैलोगणती वाळू, तरी सवलत लागू होत नव्हती, कारण माझ्या नळाला गरम पाणी येत होतं. तांब्याभर पाण्यात वुजू उरकला. वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये ही आपल्याकडची शिकवण त्या कार्डापेक्षा जुनी आहे.

जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर युरोपातलं एक जोडपं होतं, सभ्य, अभ्यासू माणसं. त्या बाईंचं एक वाक्य माझ्या डोक्यात अडकून राहिलं. इथे कधीच कोणी राहिलं नाही, पृथ्वी जशी होती तशी आपण बघतो आहोत, असं त्या म्हणाल्या. लॉजच्या पुस्तिकेतही हेच वेगळ्या शब्दांत छापलेलं आहे. देवाने रागाच्या भरात केलेली भूमी, नरकाचं दार वगैरे नावं तिथे हमखास सापडतात. भयाण म्हटलं की गिऱ्हाइकाला शौर्य वाटतं.

मला हे पटत नाही. नुसतं चुकीचं आहे म्हणून सोडून द्यावं अशातलंही ते नाही, कारण या एका कल्पनेवर सगळा भाव उभा आहे.

कोणी राहिलं नाही, तर त्या किनाऱ्यावर दगडांची वर्तुळं कोणी रचली? झोपड्यांच्या पायथ्याच्या खुणा आहेत त्या. देवमाशाच्या फासळ्या रोवून त्यावर कातडं टाकून घरं करणारे, शिंपले आणि सीलवर जगणारे लोक या किनाऱ्यावर होते. त्यांना डच भाषेत ‘स्ट्रँडलोपर’, म्हणजे समुद्रकाठी फिरणारे, असं म्हणून मोकळे झाले. आत, नदीपात्रांच्या वरच्या अंगाला पुरोस आणि सेसफोंटेन ही गावं आजही आहेत. तिथे हिंबा, हेरेरो, दामारा, नामा लोक शेळ्या-गाई राखतात. दुष्काळात गुरं नदीपात्राने खाली उतरायची, पाऊस झाला की वर जायची. आपल्या धनगरांना हे समजावून सांगायची गरज नाही. वर्षातला काही काळ जिथे माणूस दिसत नाही ती जागा बेवारस असते, हा सरकारी चष्मा आहे. धनगरांच्या चराऊ रानांकडेही तो याच चष्म्यातून बघतो.

नामिबियात या चष्म्याची तारीखही सांगता येते. १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहतीच्या फौजेने हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल केली. २ ऑक्टोबर १९०४ रोजी जनरल फॉन ट्रोथाने हेरेरोंच्या समूळ नाशाचा हुकूम काढला. पूर्वेकडच्या ओमाहेके वाळवंटात त्यांना हाकललं आणि पाणवठे अडवले. मारण्यासाठी गोळ्यांपेक्षा तहान जास्त उपयोगी पडली. जे वाचले ते छळछावण्यांत गेले. हेरेरोंपैकी बहुसंख्य आणि नामांपैकी सुमारे निम्मे लोक संपले असा अंदाज आहे. ही कत्तल मी राहिलो त्या किनाऱ्यावर झाली नाही, ते ठिकाण शेकडो किलोमीटर दूर आहे. पण याच दिवसांत, १९०७ मध्ये, गव्हर्नर फॉन लिंडक्विस्टने वसाहतीतली पहिली मोठी वन्यप्राणी राखीव क्षेत्रं जाहीर केली. आजचं एटोशा उद्यान त्यातूनच आलं, आणि त्या राखीव क्षेत्राची पश्चिमेकडची हद्द थेट या किनाऱ्याला भिडलेली होती. त्याच वर्षी त्याच राजवटीने असे कायदे केले की काळ्या माणसाने परवानगीशिवाय जमीन आणि गुरं बाळगायची नाहीत, आणि लहान मुलं सोडून प्रत्येकाने धातूचा बिल्ला जवळ ठेवायचा. छावण्या तेव्हा चालूच होत्या. हरणाला अभय आणि माणसाला बिल्ला, एकाच कचेरीतून.

पुढे दक्षिण आफ्रिकेचं राज्य आलं. १९६४ च्या ओडेंडाल अहवालानुसार वंशवार ‘होमलँड’ आखले गेले, काओकोलँड हिंबांना, दामारालँड दामारांना. सात वर्षांनी त्यांच्या आणि समुद्राच्या मध्ये उद्यानाची पट्टी आली. म्हणजे ‘निर्जन’ हे इथलं निसर्गाचं अर्धं काम आहे, उरलेलं अर्धं अधिसूचनांचं.

किनाऱ्याच्या ‘सांगाडा’ या नावाचीही गोष्ट अशीच अर्धी सांगितली जाते. २९ नोव्हेंबर १९४२ रोजी ‘डनेडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज १०६ माणसांसह इथे अडकलं. साठेक जण होडीने किनाऱ्यावर आले आणि मग परतायची सोय राहिली नाही. त्यांना सोडवायला आलेलं विमान वाळूत रुतलं. मदतीला आलेली ‘सर चार्ल्स एलियट’ ही बोटही फुटली. प्रवासी सगळे वाचले. मेले ते सोडवायला आलेल्यांपैकी दोघे, अँगस मॅकिन्टायर आणि मॅथायस खोरासेब. १९४४ मध्ये जॉन मार्श या पत्रकाराने त्यावर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव ‘स्केलेटन कोस्ट’, आणि तेच नाव नकाशावर चढलं. खोरासेब याच देशातला काळा खलाशी. त्याचा देह समुद्राने परत दिला नाही. ज्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या खलाशी झाले त्या घरातल्या माणसाला ही नोंद वाचून काय वाटतं, ते लिहीत बसत नाही. मुंबईच्या गोदीतून किती नावं अशी समुद्रात गेली, त्यांच्यावरून एखाद्या किनाऱ्याचं नाव ठेवलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दगडाला मात्र फार मान मिळतो. १४८६ मध्ये दिओगो काँव या पोर्तुगीज दर्यावर्दीने दक्षिणेला केप क्रॉस इथे दगडी क्रूस रोवला. त्या मालिकेतला पुढचा गृहस्थ बारा वर्षांनी कालिकतला उतरला, ते आपल्याला माहीत आहे. १८९३ मध्ये जर्मनांनी तो क्रूस उचलून नेला. २०१९ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयाने तो परत करण्याचं जाहीर केलं, बातम्या झाल्या. मारल्या गेलेल्या माणसांच्या कवट्याही जर्मनीत ‘अभ्यासाला’ नेल्या होत्या. त्यातल्या काही २०११ पासून तुकड्यातुकड्याने परत आल्या. २०२१ मध्ये जर्मन सरकारने नरसंहार हा शब्द मान्य केला आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो देऊ असं सांगितलं, पण त्याला भरपाई म्हणायचं टाळलं. बोलणी आमच्याशिवाय झाली, असं हेरेरो आणि नामांच्या अनेक प्रतिनिधींचं म्हणणं आहे. दक्षिणेच्या ल्युडरिट्झ बंदरात शार्क आयलंड आहे, तिथे सर्वांत भीषण छावणी होती. त्याच जागी पर्यटकांना तंबू ठोकता येतील अशी मुक्कामाची जागा अनेक वर्षं चालवली गेली. समुद्राचा देखावा सुंदर आहे म्हणतात. सेसफोंटेनचा जर्मन किल्लाही आज लॉज आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल की मी म्हणणार, हे सगळे लॉज बंद करा. अजिबात नाही.

नामिबियाने या बाबतीत जे केलं त्याचं मोल मला मोठं वाटतं. १९८० च्या दशकात, वंशभेदी राजवट असतानाच, गार्थ ओवेन-स्मिथ आणि काओकोलँड-दामारालँडच्या मुखियांनी गावचीच माणसं प्राण्यांचे राखणदार म्हणून नेमली. बरेचसे आधी चोरटी शिकार करणारे. शिकाऱ्याला शिकार कुठे चालते ते ठाऊक असतंच. मार्गारेट जेकबसन त्यांच्याबरोबर आल्या. दोघांना १९९३ मध्ये गोल्डमन पुरस्कार मिळाला. मार्च १९९० मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १९९६ मध्ये कायदा बदलून गावांना ‘कन्झर्व्हन्सी’ स्थापण्याचा हक्क दिला. म्हणजे हद्द ठरवा, सभासद नोंदवा, समिती निवडा. मग तुमच्या हद्दीतल्या वन्यप्राण्यांपासून आणि पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नावर तुमचा हक्क. आज अशा ८६ कन्झर्व्हन्सी आहेत आणि देशाची पाचेक हिस्सेमधली एक हिस्सा जमीन त्यांच्याकडे आहे. लॉज कंपनी त्यांच्याशी करार करते, उलाढालीतला ठरलेला टक्का देते, नोकऱ्या गावच्यांना देते. आपल्याकडे वनहक्क कायदा २००६ मध्ये आला, आणि अभयारण्याच्या दारावरची तिकीटखिडकी ग्रामसभेची असावी, असं आजही कोणाच्या स्वप्नात येत नाही.

पण टक्का कागदावर असतो आणि सिंह गोठ्यात. आमचा गाईड सेसफोंटेनच्या बाजूचा. त्याच्या मामाच्या शेळ्या एका रात्री सिंहाने मारल्या होत्या. किती, ते त्याने बोटांवर मोजून सांगितलं, कारण प्रत्येक शेळी त्याला वेगळी आठवत होती. सरकार अशा वेळी ठरावीक रक्कम देतं, पण धोरणात तिला नुकसानभरपाई म्हणत नाहीत आणि ती जनावराच्या किमतीइतकीही नसते. ती हातात पडेपर्यंत काय होतं, हे आपल्याकडे बिबट्याने वासरू मारलेल्या शेतकऱ्याला विचारा. या भागातले पाच भाऊ-सिंह माहितीपटामुळे जगभर गाजले होते. २०१६ मध्ये त्यातल्या एकाला गोळी घातली गेली आणि तिघांना विष. जगभरातून गावकऱ्यांना शिव्या आल्या. त्याआधीची सलग दुष्काळाची वर्षं आणि संपलेली गुरं कोणाच्या कॅमेऱ्यात नव्हती. विष घालणं वाईटच. पण लॉजमध्ये शाल पांघरून सिंहाचं वैभव पाहणाऱ्या माणसाला त्या सिंहाचा खर्च येत नाही, तो शेळीवाल्याला येतो, ही गोष्ट बिलावर कुठे तरी लिहिलेली असावी.

२०२४ च्या दुष्काळात सरकारने ८३ हत्तींसह ७२३ वन्यप्राणी मारून मांस लोकांना वाटायचं ठरवलं, तेव्हाही असाच गदारोळ झाला. भुकेल्या माणसांचा आकडा त्या बातम्यांत खालच्या परिच्छेदात होता.

दुसऱ्या दिवशी सहलींच्या यादीत ‘हिंबा गावाला भेट’ अशी एक ओळ होती, हत्ती आणि वाळूच्या टेकड्या यांच्या खालोखाल. आम्ही गेलो नाही. गाईड म्हणाला, “सर, गावाला त्याचे पैसे मिळतात.” मिळत असतील, आणि ते घेणाऱ्यांना नाव ठेवायचा मला हक्क नाही. पण संध्याकाळी ‘इथे कोणी राहत नाही’ आणि सकाळी ‘इथल्या लोकांना भेटा’ हे एकाच पुस्तिकेत कसं बसतं? बसतं, कारण माणसांना मालकाच्या रकान्यातून काढून देखाव्याच्या रकान्यात टाकलेलं आहे.

म्हणून माझा आक्षेप महागाईला नाही. अशा जागी थोडीच माणसं यावीत, महाग देऊन यावीत, हेच बरं. वाळूवरून एकदा गाडी गेली तर तिथल्या खडीच्या मैदानांवर चाकाचा ठसा कैक दशकं राहतो. हजारो गाड्या सोडल्या तर काय होईल? चैन म्हणून कोणी शेगडीपुढे बसत असेल तर बसू दे. फक्त हे भाडं आहे असं समजून बसावं. भाडं म्हटलं की जागेला मालक आला, करार आला, मुदत आली, मुदतीनंतर नाही म्हणायचा हक्क आला. ‘निर्जन सौंदर्य’ म्हटलं की यातलं काहीच येत नाही, फक्त बक्षिशी येते.

आणि हे मी आफ्रिकेपुरतं बोलत नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून आमच्या किनाऱ्याच्या जाहिरातीतही ‘अस्पर्श’, ‘अनोळखी’ असे शब्द दिसू लागलेत. ज्या पुळणीवर रापण ओढली जाते, मासळी सुकते, पोरं क्रिकेट खेळतात, त्या पुळणीचा फोटो पहाटे पाचला काढतात, म्हणजे माणूस येत नाही. हॉटेल आलं की पहिली तक्रार सुकत्या मासळीच्या वासाची. नामिबियातल्या गावांकडे निदान करारावर सही करायला एक समिती आहे. आमच्या मच्छीमार सोसायट्यांना त्या टेबलावर कोण बोलावतं?

निघायच्या सकाळी धुकं उतरेना म्हणून विमानाला तीन तास उशीर झाला. धावपट्टीच्या कडेला गाईडबरोबर चहा घेत बसलो. मी विचारलं, तुमच्या गावचा करार किती वर्षांचा आहे? त्याने सांगितलं, आणि पुढे म्हणाला की नव्या करारात टक्का वाढवून मागायचा का तरुणांसाठी व्यवस्थापकाच्या दोन जागा मागायच्या, यावर समितीत भांडण चाललं आहे. त्याचा मामा टक्क्याच्या बाजूचा. तो स्वतः जागांच्या. पुढच्या सभेला रजा मिळाली तर जाणार होता.